हिरवी गाडी भऱ्याच्या खाचरात

प्रवासवर्णन लिहायचं तर माणसानं निदान समुद्र तरी ओलांडलेला असावा, अशी आपल्याकडे अपेक्षा असते. मी लकडी पुलावरून मुठा ओलांडली आणि पौड रस्त्यानं पंचवीस-तीस मैल गेले. बस्स, एवढंच. तरीही लिहिते आहे, कारण माझ्याबरोबर जी गाडी होती तशी जगात दुसरी नव्हती.

आमच्या कारखान्यात इटलीहून यंत्रं येतात. त्यांची माहितीपुस्तकं समजून घेऊन कामगारांना मराठीत लिहून देणं, ही माझी नोकरी. त्यामुळे मला इटालियन येतं ते असं: 'झडप बंद करण्यापूर्वी दाब तपासा.' प्रेम, पाऊस, आजी-आजोबा वगैरे विषयांवर मला फार बोलता येत नाही. त्या हिवाळ्यात मुंबईला एक औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं. तुरीनच्या एका कंपनीनं तिथं एक गाडी मांडली होती. विकायची गाडी नव्हे. उद्याची गाडी कशी असेल याचा नमुना म्हणून एकच बनवलेली. प्रदर्शन संपल्यावर तिच्या बोटीला आठवडाभर अवकाश होता, तेवढ्यात आपल्या डोंगरांत तिचे फोटो काढावेत असं त्यांच्या फोटोग्राफरनं ठरवलं. दुभाषी हवा होता. साहेबांनी मला विचारलं, "मुळशीला जाल का?"

मी पुण्यात जन्मले, पुण्यात वाढले आणि चौतिसाव्या वर्षापर्यंत मुळशीला एकदाही गेले नव्हते. "जाईन," म्हटलं.

मंगळवार, पिरंगुटचा घाट

गाडी ट्रकवर, ताडपत्रीखाली. मागून जीपमध्ये आम्ही: मी, फोटोग्राफर आणि पाओलो. पाओलो हा कंपनीचा ड्रायव्हर, तिशीतला, देखणा, आणि आपण देखणे आहोत हे पक्कं माहीत असलेला. गाडीची सगळी जबाबदारी त्याच्यावर होती. चौथा माणूस एत्तोरे. साठीच्या आसपासचा, बुटका, जाड मनगटांचा. त्याला जीपमध्ये जागा होती, पण तो ट्रकवर गाडीशेजारी पोत्यावर बसून आला. हा तिचा पत्राकाम करणारा. ॲल्युमिनियमचे पत्रे हातोडीनं ठोकून, गोलाई देऊन त्यानं तिचं सगळं अंग अकरा महिन्यांत घडवलं होतं.

घाटात ट्रक इतका हळू चालला होता की गवताचे भारे घेतलेल्या बायका आमच्या पुढं निघून गेल्या. वळणावर ताडपत्रीचं टोक वाऱ्यानं उडालं आणि आतलं हिरवं अंग दिसलं, कच्च्या कैरीसारखं हिरवं. एत्तोरे दोन्ही हात पसरून त्या टोकावर पालथा झोपला आणि घाट उतरेपर्यंत तसाच राहिला. पिरंगुटला चहासाठी थांबलो तेव्हा त्याच्या केसांत, भुवयांत, कानांत लाल धूळ होती. टपरीवाल्यानं विचारलं, "ह्ये पावनं कुटलं?" मी म्हटलं, "इटलीचे." तो म्हणाला, "मंग त्यास्नी आदी पानी द्या, च्या मागनं."

भरे

आमची सोय भरे गावात शंकरराव नावाच्या शेतकऱ्याकडे केली होती. उरवड्याच्या बाजूला कारखाने निघाले तशा त्यांनी रस्त्याकडेला चार खोल्या बांधल्या होत्या. दोनमध्ये कामगार राहत, दोन आम्हाला मिळाल्या. शंकरराव उंच, आवाज मोठा, आणि प्रत्येक गोष्टीवर त्यांचं एक मत होतं.

ट्रकमागं मातीचा उतार करून गाडी खाली उतरवली तेव्हा निम्मं गाव जमलं होतं. ती उंचीला माझ्या कमरेएवढी होती. नाक पाचरीसारखं निमुळतं, आणि दरवाजे बाजूला उघडण्याऐवजी वर जाणारे. पाओलोनं ऐटीत पुढचं झाकण उघडलं. सगळे वाकले. आत एक चाक आणि रिकामी जागा.

शंकरराव माझ्याकडे वळले. "इंजिन इसरलं व्हय ह्ये?"

मी एत्तोरेला विचारलं. तो हसला आणि बैठकीच्या पाठीमागची जाळी उचलून दाखवली. इंजिन गाडीच्या मधोमध होतं. बसणाऱ्याच्या पाठीला जवळजवळ टेकलेलं.

"पोटात हाय की!" गर्दीतून एका बाईचा आवाज आला. "पोटुशी हाय म्हना गाडी."

हशा झाला. बोलणारी कौसाबाई. बुद्धविहारामागच्या वस्तीतली, पन्नाशीची, काटक. तिचा मुलगा उरवड्याला कारखान्यात होता आणि ती स्वतः शंकररावांच्या शेतावर भातकापणीला येत होती. मी तिचं वाक्य एत्तोरेला सांगायचा प्रयत्न केला. माझ्या माहितीपुस्तकांत 'पोटुशी' हा शब्द नव्हता, म्हणून हातानं पोट दाखवलं. त्यानं आधी माझ्याकडे काळजीनं पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं, आणि इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.

रात्रीच्या जेवणाची मला धास्ती होती. तांदळाची भाकरी, खेकड्याचा रस्सा आणि ठेचा. खेकडे मी कधी खाल्ले नव्हते, त्यामुळे माझ्यापुढं वरण ठेवलं होतं. एत्तोरेनं मात्र खेकड्याची नांगी दातांनी फोडली, आतलं मांस ओढून काढलं आणि शंकररावांच्या घरच्यांनी हात थांबवून त्याच्याकडे पाहिलं, कारण तो अगदी त्यांच्यासारखाच खात होता. मग त्यानं मला हळूच विचारलं, "कच्चं तेल मिळेल का?" मला वाटलं, गाडीला. नाही, ठेच्यावर घालायला हवं होतं. त्यांच्याकडे भाकरीसारख्या ब्रेडवर असंच तेल ओततात म्हणे. शंकररावांनी शेंगदाण्याच्या तेलाची बाटलीच पुढं ठेवली.

"ह्यो आपल्यातलाच हाय," ते म्हणाले. "तुमी पुन्याच्या हाय न्हवं? तरीच वरान."

बुधवार, धरणाकाठी

दुसरा दिवस मुळशी धरणाकाठी गेला. पाणी, डोंगर, हिरवी गाडी. फोटोग्राफर खूश होता. गाडी सुरू झाली की तिचा आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत येई. एका म्हशीनं त्या आवाजाला उत्तर दिलं आणि अर्धा तास फोटोच्या मधोमध उभी राहिली. त्या दिवशी लिहिण्यासारखं एवढंच. पण दुपारी डबा खाताना पाओलो जे बोलला ते सांगायला हवं.

मी विचारलं होतं की अशा गाड्या रस्त्यावर कधी येणार. "येणार नाहीत," तो म्हणाला. "कंपनीनं विचार सोडून दिलाय. ही परत गेली की हिचं पेट्रोल, ऑइल, पाणी सगळं काढून टाकतील आणि कंपनीच्या दालनात उभी करून ठेवतील. काच पुसायला माणूस असेल. पण किल्ली कुणी लावणार नाही."

एत्तोरे जवळच बसून संत्रं सोलत होता. त्यानं ऐकलं असणार. त्यानं एक फोड मला दिली, एक पाओलोला दिली.

गुरुवार, खाचर

फोटोग्राफरला कापलेल्या भातशेतात गाडी हवी होती. शंकररावांचं रस्त्यालगतचं खाचर त्यांनीच सुचवलं. जमीन कोरडी, टणक होती. बांधाला एके ठिकाणी मातीचा उतार करून पाओलोनं गाडी आत नेली, पार पलीकडच्या कोपऱ्यात, जिथून मागं डोंगराची पूर्ण रांग दिसत होती. शेजारच्या खाचरात कौसाबाई आणि इतर बायका भाताच्या पेंढ्या झोडत होत्या.

बाराच्या सुमाराला पश्चिमेकडून ढग आले. शंकररावांनी वर पाहिलं आणि ठाम मत दिलं, "ह्यो पडत न्हाई."

तो पडला. अवकाळी, तिरपा, दणदणीत. तासभर. आम्ही ताडपत्री गाडीवर ओढली, स्वतः भिजलो. थांबला तेव्हा खाचरात घोट्याएवढं पाणी होतं, आणि गाडी चारही चाकांनी खाली बसली होती. जमिनीपासून चार बोटं उंच असलेली गाडी ती. आता पोट चिखलाला टेकलं होतं.

पाओलोनं इंजिन सुरू केलं. मागची चाकं फिरली, चिखल उडाला, गाडी आणखी खाली गेली. एत्तोरे ओरडला, "बंद कर!" त्याला ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

शंकरराव म्हणाले, "बैल जुंपतो. दोरी कुटं बांदायची त्ये सांगा."

बांधायला जागाच नव्हती. प्रदर्शनातल्या गाडीला ओढायची कडी कोण बसवतो? अंगाला दोर लावला तर पत्रा कागदासारखा चुरगळला असता. ट्रक आत आला तर तोही रुतला असता. गावातले तरणे पुरुष कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेले, साडेतीनशिवाय येणार नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी मुंबईला निघायला हवी होती, आणि पश्चिमेकडे ढगांची दुसरी फळी उभी होती. पाओलो डोकं धरून बांधावर बसला. आम्ही सगळे गाडीकडे पाहत उभे होतो.

कौसाबाई पाण्याकडे पाहत होती. पोत्याची खोळ डोक्यावर तशीच ठेवून ती फावडं घेऊन खालच्या बांधाकडे गेली.

"कौसे, बांद फोडतीस व्हय माझा?" शंकरराव ओरडले.

"मंग काय मासं पाळायचं हितं? वरच्या खाचराचं पानी उतरतंय ह्याच्यात. आदी पानी काडा, मंग गाडीचं बगा."

चार घाव घातले आणि पाणी खळखळत खाली पळालं. इतका वेळ हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. मग तिनं बायकांना हाक दिली. तिच्यासकट अठरा जणी होत्या, गावातल्या आणि विहारामागच्या वस्तीतल्याही.

"ताई," ती मला म्हणाली, "त्या म्हाताऱ्याला इचारा, हिला हात कुटं लावायचा."

एत्तोरे तोवर चिखलात पालथा पडून गाडीखाली पाहत होता. त्यानं चार जागा दाखवल्या. तिथं पत्र्याच्या आत लोखंडी नळ्या होत्या. तेवढ्यावरच भार द्यायचा, बाकी कुठंही नाही. शंकररावांच्या मांडवाचे, बांबूचे जाडजूड कळक आले. एकेका चाकाजवळ कळकाची तरफ करून गाडी इंचभर उचलायची, खाली भाताचा पेंढा कोंबायचा, मग पुढचं चाक. चारही चाकं पेंढ्यावर आल्यावर चार कळक पोटाखालून आडवे सरकवले. गोणपाटं गुंडाळून ते नळ्यांखाली बसवले. दोन्ही बाजूंना बायका, शिवाय पाओलो, फोटोग्राफर, ट्रकचा ड्रायव्हर आणि शंकरराव. तीस पावलांवर रस्ता.

मी पुढं उभी राहिले. एत्तोरे गाडीच्या नाकाशी वाकून इटालियनमध्ये सांगणार, मी मराठीत ओरडणार.

"पियानो, पियानो," तो म्हणाला. म्हणजे हळूहळू.

"हळूहळू!" मी ओरडले. पण बायकांनी त्याचाच शब्द उचलला. "पेनू, पेनू!" आणि त्या तालावर गाडी वर उठली. हातभर नाही, वीतभर. पण उठली. आणि चालू लागली.

वीस पावलं झाली. बांध जवळ आला. उजव्या बाजूला बांधाचा एक दगड वर आलेला होता. गाडीचं नाक त्याच्यापासून दूर न्यायचं होतं, म्हणजे डावीकडे. एत्तोरे ओरडला, "सिनिस्त्रा!"

हा शब्द मला येतो. हजारदा लिहिला आहे. पण त्या क्षणी माझ्या तोंडून निघालं, "उजवीकडे!"

बायका उजवीकडे वळल्या. गाडीचं नाक थेट दगडावर चाललं. एत्तोरेनं आपला हात मध्ये घातला. दगड आणि पत्र्याच्या मध्ये.

"थांबा! डावीकडे! डावीकडे!" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"पेनू!" कौसाबाई गरजली. सगळ्या जागच्या जागी थांबल्या, अर्धं पाऊल मागं आल्या, मग डावीकडे. एत्तोरेनं हात काढला. बोटांच्या पेरांवरची कातडी गेली होती, रक्त येत होतं. त्यानं आधी पत्र्यावरून दुसरा हात फिरवला. पत्र्याला काही झालं नव्हतं.

उरलेली दहा पावलं मी कशी मोजली मला आठवत नाही. गाडी रस्त्यावर टेकली आणि सगळ्या बायका एकदम ओरडल्या. मी मात्र बांधावर बसून रडले. एत्तोरे माझ्यासमोर उकिडवा बसला. "चूक माझी," मी म्हटलं. "उजवं-डावं उलटं सांगितलं."

"सिन्योरा," तो म्हणाला, "एकदा मी उजवा दरवाजा डावीकडचा म्हणून ठोकला होता. तीन आठवडे लागले. तुमच्या चुकीला एकच मिनिट लागलं."

कौसाबाईनं घरून हळद आणून त्याच्या बोटांवर दाबली आणि लुगड्याच्या चिंधीनं हात बांधला. तो तिला काहीतरी म्हणाला. मी भाषांतर करायला तोंड उघडलं.

"कळलं मला," ती म्हणाली. "पर नुस्तं उपकार मानून भागत न्हाई म्हनावं. आमाला बसवून आन."

त्याच दिवशी, रस्त्यावर

पाओलोनं नकारार्थी मान हलवली. कंपनीचा नियम: गाडी फक्त त्यानं चालवायची, आत दुसरं कुणी बसायचं नाही, आणि फोटोसाठी लागेल तेवढीच चालवायची. तो वाईट माणूस नव्हता, नोकरी सांभाळत होता. मी ते बायकांना सांगितलं. त्या वळून खोळी झटकू लागल्या.

एत्तोरेनं हात पुढं केला. चिंधी बांधलेलाच.

"किल्ली," तो म्हणाला.

"एत्तोरे, तुला माहीत आहे..."

"किल्ली, पाओलो."

पाओलोनं त्याच्या हाताकडे पाहिलं आणि किल्ली दिली.

पहिली कौसाबाई. आत बसायचं म्हणजे जवळजवळ झोपायचंच. ती पाठमोरी होऊन आधी बसली, मग नऊवारी सावरत पाय आत घेतले, आणि दरवाजा वरून खाली आला तशी तिनं डोकं चटकन आत ओढलं. गाडी सुरू झाली, झटका खाऊन बंद पडली. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. बायका खदखदल्या. तिसऱ्यांदा ती निघाली. घोटावड्याच्या बाजूला अर्धा मैल रस्ता बरा होता. ती हिरवी रेघ भातशेतांमधून गेली, वळली, परत आली.

कौसाबाई उतरली. सगळ्या तिच्याभोवती. "कसं वाटलं? बोल की!"

"बोलायला सवड कुटं दिली त्यानं?" ती म्हणाली आणि मग पदर तोंडाला लावून हसतच राहिली.

अठरा फेऱ्या झाल्या. एकीनं डोळे मिटूनच फेरी केली आणि पुन्हा बसू द्या म्हणून भांडली. दुसरी जाताना रस्त्यावरच्या आपल्या दिराला हात दाखवून आली. त्यानं ओळखलंच नाही म्हणून तिला फार समाधान वाटलं. ढगांची दुसरी फळी डोंगरापलीकडेच राहिली. पहिली पाळी सुटली आणि सायकलींवरून घरी येणारे पुरुष रस्त्याकडेला रांगेनं थांबले. त्यांचा नंबर लागला नाही. "आमी उचलली," बायकांनी त्यांना सांगितलं.

शेवटी मी. पाठीमागं इंजिनाची ऊब लागत होती. एत्तोरेच्या कपाळावर घाम होता. आम्ही वळायच्या जागी पोचलो आणि तो वळला नाही.

"तुम्ही अशा किती गाड्या बनवल्या?" मी विचारलं.

"अकरा."

"आणि सगळ्या चालवल्या?"

त्यानं रस्त्यावरची नजर हलवली नाही. "ही पहिली," तो म्हणाला. "आम्ही पत्रेवाले. गाडी तयार झाली की दाराशी येते, दुसरा कुणीतरी बसतो आणि निघून जातो."

पुढं रस्त्यावर पेंढा वाळत घातलेला होता. तिथं तो थांबला, सावकाश गाडी वळवली, आणि आम्ही परत आलो. बायका वाट पाहत होत्या. तो उतरला, किल्ली पाओलोच्या हातात दिली आणि त्याला दोन वाक्यं बोलला. पाओलो हसला नाही. त्यानं मान डोलावली.

"काय म्हनला गं त्यो?" कौसाबाईनं मला विचारलं.

"म्हणतो, गाडी उजवीकडे ओढते. पुढच्या चाकात जरा फरक आहे."

"मंग करंल की दुरुस," ती म्हणाली.

तिला दालनाबद्दल, पेट्रोल-ऑइल काढून टाकण्याबद्दल मी सांगितलं नाही.

शनिवार, मुंबई बंदर

शंकररावांनी बांध परत बांधून घेतला आणि निघताना आम्हाला तांदळाचं पोतं दिलं. "त्यास्नी सांगा, तिकडं खेकडं मिळाल्यावर ह्याचा भात करा."

बंदरावर क्रेनची वाट पाहत आम्ही दोन तास उभे होतो. कागदपत्रं झाली होती. पाओलो गाडीची काच पुसत होता. एत्तोरेनं मला विचारलं, कुणाकडे पाना मिळेल का. मी गोदीतल्या एका फिटरकडून मागून आणला. एत्तोरेनं चांगला कोट काढून खोक्यावर ठेवला, सिमेंटवर उताणा झोपला आणि गाडीच्या पुढच्या चाकाखाली शिरला.

बाहेर फक्त त्याचे बूट दिसत होते. मधूनमधून पाना घसरल्याचा आवाज येई, मग एक इटालियन शिवी, माझ्या माहितीपुस्तकांत नसलेली. फिटर माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

"बोटीवर चढवायच्या गाडीला आता काय करतायत?"

"चाक सरळ करतायत."

तो वाकून पाहू लागला. मग तोही बसला आणि एत्तोरेला उजेड पडावा म्हणून आपली बॅटरी धरून राहिला. क्रेनवाल्यानं शिट्टी मारली. पाओलोनं हात वर करून त्याला थांबवलं.

पाऊण तासानं एत्तोरे बाहेर आला. चिंधी काळी झाली होती. त्यानं स्टिअरिंगवर एक बोट ठेवून चाकं डावी-उजवी फिरवून पाहिली, मग मधोमध आणली.

"आता सरळ जाईल," तो म्हणाला, आणि फिटरला पाना परत दिला.